टपावरचे पापड

वैशाख लागला की मला राग येतो. उन्हाचा नाही, ऊन मला जन्मभर उपयोगी पडलेलं आहे. पण याच दिवसांत नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर दरवर्षी तीच सूचना लागते, की गच्चीवर पापड, कुरडया, मिरच्या वाळत घालू नयेत, अस्वच्छता होते. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या घरी ताटात पापड नसला तर घास उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना पापड हवा असतो, तो वाळताना बघायचा नसतो.

यंदा त्यात आणखी भर पडली. नातवाच्या गाडीच्या रंगावर बारीक बारीक डाग उठले. तो तुर्भ्याच्या एका गॅरेजात दाखवून आला. तिथल्या माणसाने बोनेटवरून बोट फिरवलं आणि विचारलं म्हणे, पार्किंगमध्ये गाडीवर कुणी काही वाळत घालतं का? नातू हसत हसत सांगत होता. मी त्याला इतकं बोलले की तो आईला हाक मारायला लागला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण तो प्रश्न, अगदी तसाच, कितीतरी वर्षांनी पुन्हा माझ्या घरात आला होता, आणि या खेपेला उत्तर द्यायला मी जागी होते.

तेव्हा नवी मुंबई हे नाव कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. खाडी होती, मिठागरं होती, भाताची खाचरं होती आणि त्यांच्या मधून जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता होता. साठच्या दशकात मी कळव्याहून तळवलीला सून म्हणून आले. मी सातवी पास, म्हणून गावात माझं कौतुक. आणि मला पापड लाटता येत नाहीत, म्हणून घरात माझी चेष्टा. माझ्या पापडाला सासूबाई भारताचा नकाशा म्हणायच्या. त्यांना नकाशा कसा असतो ते माहीत नव्हतं, कुणाकडून तरी ऐकलेला शब्द होता, पण लागायचा बरोबर.

सासूबाईंना गाव हिराबाय म्हणायचं आणि मी आय म्हणायचे. पदर कमरेला खोचलेला, आवाज खाडीच्या पलीकडे जाणारा. वैशाखात आयच्या अंगात वारं यायचं. तांदळाच्या पिठाची उकड पहाटेच चुलीवर चढायची. तिची ती गोडसर वाफ, तीळ-जिऱ्याचा वास, आणि चाखायला म्हणून तोंडात टाकलेल्या लाटीतला पापडखार, जिभेच्या शेंड्याला किंचित चावणारा. आजही डोळे मिटले की तो चावा जिभेवर येतो. बायका गोल करून बसायच्या, पोळपाट खडखडायचे, आणि गावातली एकही भानगड त्या गोलातून सुटायची नाही.

आमची रस्त्यालगतची शेती कारखान्याला गेली होती. काही रसायनं करायचे तिथे. नावं आम्हाला सांगितली नव्हती आणि सांगितली असती तरी कळली नसती. जमिनीच्या बदल्यात ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. तुर्भ्याच्या दगडखाणीवरच्या ट्रकवर हे गाडी शिकले होते. उरलेल्या खाचरात वर्षाचा भात होत नव्हता. घर त्या नोकरीवर उभं होतं, हे आम्हाला माहीत होतं आणि साहेबांनाही माहीत होतं.

गाडी काळी कुळकुळीत. तिच्यात बघून माणसाने भांग पाडावा. आठवडाभर साहेब कारखान्याच्या आवारातच राहायचे आणि दुपारी जेवून त्यांची डुलकी व्हायची, तेवढ्यात ह्यांना घरी जेवून यायची परवानगी होती, गाडीसकट. त्यामुळे भर दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, गाडी आमच्या दारात उभी असे. आता आयच्या नजरेने बघा. अंगणात कोंबड्या, शेळ्या, पोरं, रस्त्यावरची धूळ. पापडांची राखण करता करता म्हाताऱ्या बाया अर्ध्या होत. आणि समोर भला मोठा, सपाट, चटका बसेल इतका तापलेला पत्रा, कोंबडीला उडून गाठता येणार नाही इतक्या उंचीवर.

हे ओरडले, की आय, ही साहेबाची गारी हाय. आयने कमरेवर हात ठेवला.

"तापलेला तवा दारान उभा हाय, आनं मी पापर भुईवर घालू?"

हे हात धुऊन जेवायला बसले. आय विहिरीचं पाणी आणायची, ओल्या फडक्याने गाडीचा टप स्वच्छ पुसायची, कारण खायची वस्तू घाणीवर ठेवायची नाही, त्यावर आपलं जुनं सुती लुगडं पसरायची आणि त्यावर पापड मांडायची. हे जेवून, पान खाऊन उठेपर्यंत पापड कडक. लुगडं काढायचं, टप पुन्हा पुसायचा, गाडी साहेबांकडे रवाना. रोज हेच. गावातल्या बायका बघायला यायच्या. आमच्या घराची ती शान होती, खोटं कशाला बोलू.

त्याच उन्हाळ्यात हवेला एक नवा वास यायला लागला. आगपेटीची काडी ओढल्यावर नाकात जातो ना, तसला, पण विझतच नाही असा. खारट चिखलाचा वास, सुकत घातलेल्या जवळ्याचा वास, हे आमचे वास होते, त्यांचा त्रास नव्हता. हा परका होता. पहाटे खाडीवरून दमट हवा यायची तेव्हा तो खाली उतरून घरात शिरायचा आणि पोरं खोकायची. परसातल्या केळीच्या पानांवर तपकिरी ठिपके पडले. आयच्या त्या लुगड्याला बारीक भोकं पडलेली मी पाहिली, कडा करपलेल्या. मला वाटलं चुलीच्या ठिणग्या. आपल्याच चुलीवर संशय घ्यायची सवय बायकांच्या हाडात असते.

मग एक दिवस मुंबईहून कुणी बडे पाहुणे कारखाना पाहायला आले. त्यांनी गाडीकडे बघून विचारलं, हिला काय देवी आल्यात का? तेव्हा साहेबांनी गाडी नीट पाहिली. बोनेटवर आणि मागच्या डिकीवर मोहरीएवढे डाग, राखाडी, मधोमध गंजाचा टिपका, आणि चकाकी मेलेली. पाहुण्यांसमोर साहेबांची मान खाली गेली. मान वर काढायला काहीतरी कारण हवं होतं, आणि दाराच्या वरच्या खाचेत त्यांना पापडाचा एक तुकडा सापडला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी घरात पाहिलं.

ह्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. साहेब म्हणाले, पापडात खार असतो, खार रंग खातो, हे शास्त्र आहे. स्वतः रसायनं शिकलेला माणूस! त्यांच्यापुढे हे काय बोलणार? घरी येऊन हे ओटीवर बसले. आयने चार वेळा विचारल्यावर कळलं. मी म्हटलं, आय, तुम्ही जन्मभर हाताने हा खार मळताय, तुमची कातडी नाही खाल्ली त्याने? पण आय ऐकायच्या पलीकडे गेली होती. शिकलेल्या माणसाने सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं त्या पिढीला वाटायचं. आणि मुलाची नोकरी आपण खाल्ली, हे एकदा आईच्या मनात शिरलं की दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी आय धुतलेलं लुगडं नेसून कारखान्यात गेली. मी सोबत होते. साहेबांनी तिला कचेरीत बोलावलं नाही, बाहेर आवारात उभं केलं, गाडीजवळ, कारकून, फाटकावरचा गुरखा, आमच्याच गावातले कामगार, सगळे बघत असताना. ज्या जमिनीवर ती उभी होती ती आमची होती. तिथे आयने लावणी केलेली. त्याच मातीवर तिने हात जोडले.

"साहेब, माझी चूक झाली. पोऱ्याची काय चूक नाय. त्याला कामावरशी काढू नका."

साहेबांनी मान हलवली, जनार्दन, पुन्हा असं होता कामा नये, असं ह्यांना सांगितलं आणि किल्ली परत दिली. मोठं मन! आय घरी आली, पोळपाट धुऊन माळ्यावर टाकला आणि निम्मं राहिलेलं पीठ शेजारणीला देऊन टाकलं. पापडांच्या दिवसांत आमचं अंगण सुनं राहिलं. मला त्या शांततेची इतकी चीड आली की मी भांडी आपटत होते आणि आय मला आपटू नको असंही म्हणत नव्हती.

गाडी रंगवायला ठाण्याहून गफूर पेंटर आला. हा माणूस साधा बिधा नव्हता. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात पान, आणि आपण कुठकुठल्या संस्थानिकांच्या गाड्या रंगवल्या ते न विचारता सांगायचा. गाडी घरी आणायची बंद झाल्यामुळे ह्यांचा डबा मी कारखान्यात नेत होते, तेव्हा त्याचं काम पाहिलं. रंग लावायच्या आधी तो नुसता बघत बसायचा. डागावरून अंगठा फिरवायचा, नख लावायचा, ओलं बोट लावून वास घ्यायचा. दारं बघितली, दारांवर डाग नव्हते. जे जे आडवं, आभाळाकडे तोंड केलेलं, तेवढंच खराब होतं. मग तो टपाकडे वळला आणि थबकला.

टप चांगला होता. बोनेट आणि डिकी यांची चाळण झालेली आणि मधला टप, जिथे पापड वाळले, तो जवळजवळ नवा. गफूरने ह्यांना विचारलं, टप रोज कोण धुतं? ह्यांना सांगताना लाज वाटत होती. साहेबांची ताकीद होती की आवारात पाण्याची टंचाई आहे, गाडी सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची. बाकी गाडी कोरडी पुसली जायची. टप तेवढा आय पुसायची, ओल्या फडक्याने, रोज दोनदा.

गफूर पान थुंकून म्हणाला, की मग त्या बाईने टप वाचवला. हे खालून लागलेलं नाही, वरून पडलेलं आहे. आणि त्याने मान वर केली. मीही केली. वर धुराडं होतं, आणि गाडी रात्रभर उभी राहायची ती बरोबर त्याच्या वाऱ्याच्या अंगाला. धुराबरोबर जे खाली बसायचं त्यात पहाटेचं दव मिसळलं की रंगाला डसायचं.

पुढचं ऐका. डाग घासायच्या आधी त्यातला तेजाबाचा डंख उतरवावा लागतो, नाहीतर नव्या रंगाखालून तो पुन्हा डोकं काढतो. त्यासाठी गफूर सोड्याच्या पाण्याने गाडी धुवत होता. सोडा संपला. त्याने मला विचारलं, घरात पापडखार आहे का? मी जवळजवळ पळतच घरी गेले आणि आयचा डबा उचलून आणला. त्याने तो पाण्यात कालवला आणि साहेबांच्या गाडीला चोपडला. जो खार रंग खातो म्हणून माझ्या सासूने भर आवारात हात जोडले, त्याच खाराने त्या गाडीचा डंख उतरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं.

तेवढ्यात साहेब आले. गफूरने सरळ सांगितलं, साहेब, गाडी इथे उघड्यावर ठेवाल तर कुठलाही रंग टिकायचा नाही. मला वाटलं, आता साहेबांचा चेहरा पडेल, आता कळेल त्यांना. साहेब अगदी सहज म्हणाले, ते माहीत आहे मला, म्हणून तर छप्पर करून घेतोय. आणि पापडखाराचा डबा पायाने जरा बाजूला सरकवून निघून गेले.

माहीत होतं. मी कितीतरी वर्षं हे दोन शब्द चघळत आले आहे. एखाद्याला ठाऊक नसावं, त्याची चूक व्हावी, ती मी पोटात घालीन. पण ह्या माणसाला सगळं माहीत होतं. धुराड्यातून काय निघतं ते आयच्या पापडांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. धुराचं नाव घेतलं असतं तर उद्या केळीचं पान हातात घेऊन कुणीतरी आलं असतं, परवा खोकणारं पोर घेऊन. पापडाचं नाव घेतलं की कुणी येत नाही, म्हणून पापड. मी गफूरला म्हटलं, तुम्ही बोला ना काहीतरी. तो म्हणाला, बाई, मला रंगाचं विचार, न्यायाचं विचारू नको. आणि वॉटर पेपर भिजवून बोनेट घासायला लागला.

त्याचं काम मात्र सुरेख होतं, ते कबूल करते. घासून घासून पत्र्यापर्यंत जायचं, लांबी, म्हणजे खळगे बुजवायचा लगदा, भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची, अस्तर द्यायचं, आणि मग तोंडाला फडकं बांधून रंगाचा फवारा. गाडी पुन्हा आरशासारखी झाली. जाताना तो बजावून गेला, की रंग पक्का होईपर्यंत गाडी या धुराड्याखाली उघडी उभी करू नका, कोवळा रंग लगेच डसला जातो. तोवर पत्र्याचं छप्परही उभं राहिलं होतं, चांगलं तीन बाजूंनी बंद.

मी आयला सगळं सांगितलं. टपाचं, सोड्याचं, आणि ते "माहीत आहे मला". हे म्हणाले, आता कशाला उकरतेस, नोकरी राहिली ना. आय उठली. परसात गेली, केळीचं एक पान फाडून उन्हात धरून बघितलं. मग पदर खोचला आणि थेट रस्त्याला लागली. मी मागोमाग.

साहेब ठाण्याला गेले होते, हे गाडी घेऊन त्यांच्याबरोबर. छप्पर रिकामं होतं. गुरख्याने अडवायच्या आत आय आत शिरली आणि मधोमध मांडी घालून बसली. मी बाजूला उभी राहिले. थोड्या वेळाने गाडी आली, फाटकातून वळली आणि छपराच्या तोंडाशी थांबली. साहेब उतरले. तेच कारकून, तेच कामगार जमा झाले. काय पाहिजे, असं साहेबांनी विचारलं.

"मी तुझेकरं माफी मांगलेली," आय म्हणाली. "ती परत दे."

आयने साहेबांना तू म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. साहेब हसले. माफी काय परत देण्याची वस्तू आहे का, झालं गेलं विसरा, असं काहीतरी बोलले. आय हलली नाही. वारा खाडीकडून होता, धुराडं जोरात चालू होतं, आणि नवा कोवळा रंग उघड्यावर उभा होता. साहेबांचं लक्ष आयकडे नव्हतं, वर होतं. ते ह्यांना म्हणाले, जनार्दन, आईला उठव. हे गाडीतच बसले होते. नोकरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आय माझा नाय ऐकत, साहेब."

बोनेटवर एक काळा कण येऊन बसला. साहेबांनी तो फुंकरीने उडवला. दुसरा बसला. मग ते आयच्या समोर आले आणि हळू आवाजात म्हणाले, की पापडांमुळे काही झालं नव्हतं. आयने कानामागे हात नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल म्हणून सांगितलं. साहेबांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. खरं बोलले ते, पण माझ्या सासूसाठी नाही. रंगासाठी बोलले. माणूस दाराशी रडत आला असता तर बोलले नसते.

आय उठली, लुगडं झटकलं आणि विचारलं, "मंग कशान झाला?"

साहेबांनी ह्यांना गाडी आत घ्यायला सांगितलं. आयने पुन्हा तेच विचारलं. गाडी आत गेली, साहेब कचेरीत गेले, माणसं पांगली. नोकरी गेली नाही. कदाचित इतक्या जणांसमोर काढायला त्यांना जड गेलं असेल. घरी येताना आयने शेजारणीकडून पीठ परत मागून आणलं. उरलेले पापड आम्ही अंगणातच वाळवले, कोंबड्या हाकत.

धुराडं पुढेही चालूच राहिलं, शेजारी आणखी उभी राहिली. गाडीवर छप्पर होतं, गावावर नव्हतं. म्हातारपणी आयला दम लागायला लागला. चार पावलं चालली की भिंत धरायची. ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, स्वभावाने भले होते. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि मायेने विचारलं, आजी, चुलीपुढे फार वर्षं काढलीत का? आय त्यांच्याकडे बघून हसली. मला नाही हसता आलं.